शून्याला गोल

मास्तरीणबाईंना भीती होती ती एकाच गोष्टीची. लिहून झालं की आपल्याला काढतील. ही भीती कुणी त्यांच्या कानात फुंकलेली नव्हती, त्या ज्या जाहिरात कंपनीत होत्या तिथे त्यांनी ती तीनदा डोळ्यांनी बघितली होती. आधी रिसेप्शनवरच्या बाईला सांगितलं, "तुम्ही दिवसभर काय काय करता ते जरा लिहून काढा बरं." तिने बिचारीने हौसेने अकरा पानं लिहिली, समास आखून. महिन्याभरात तिच्या जागी येणाऱ्याला प्रश्न विचारणारी एक काळी काच आली आणि ती घरी गेली. मग जाहिराती कुठे लावायच्या ते ठरवणारे दोघं गेले. मग छपाईचं बघणारा तो जाड्या, ज्याच्या हसण्याने पार्टिशन हलायचं. प्रत्येकाला निरोपाला पेनचा सेट. अहो, लिहून घेऊन काढलं आणि वर पेन दिलं! गरज सरो, वैद्य मरो, हे आपण ऐकून आहोत. पण वैद्याकडूनच काढ्याची कृती लिहून घ्यायची आणि मग त्याला मारायचं, ही तऱ्हा नवीन.

आता बाईंचं काम काय, ते सांगतो. कंपनी गावभर जाहिराती दाखवायची. स्टँडवरच्या मोठ्या पडद्यावर, बाजारातल्या खांबांवर, दवाखान्याच्या बाहेर जिथे लोक नंबर येईपर्यंत बसतात तिथे, आणि अर्थात लोकांच्या फोनवर. कुठली जाहिरात किती जणांच्या नजरेखालून गेली, त्यातले किती थांबले, किती जणांनी बोट लावलं, हे सगळं मोजून सांगणारं एक टूल होतं. त्या टूलमधून आकडे काढायचे, नीट मांडायचे आणि जाहिरात देणाऱ्याला पाठवायचे, हे काम बाईंनी बावीस वर्षं केलं. नवीन येणारा प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून जायचा आणि चुकला की पेन्सिलीचं मागचं टोक बोटावर खायचा. म्हणून मास्तरीणबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते कोण वाचतंय?

टूल तसं गुणी होतं, पण त्याला एक खोड होती. स्टँड, बाजार, दवाखाना या तीन ठिकाणचे आकडे मधूनमधून दीड दिवस उशिरा यायचे. ते येईपर्यंत टूलने गप्प बसावं की नाही? जागा रिकामी सोडावी की नाही? नाही! ते सरळ शून्य दाखवायचं. 'अजून कळलं नाही' असं म्हणायला त्याची जीभ रेटत नसे, म्हणून 'कुणीच नाही' म्हणून मोकळं. कितीतरी माणसंही अशीच असतात म्हणा.

यावर बाईंनी फार वर्षांपूर्वी एक रीत पाडली होती. रिपोर्ट छापायचा, दिसेल त्या शून्याला पेन्सिलीने गोल करायचा, आणि त्या ठिकाणी फोन लावायचा. स्टँडवरच्या कंट्रोलरला, बाजारातल्या घड्याळवाल्याला, दवाखान्याच्या वॉचमनला. "काय हो, पडदा चालू आहे ना? आमची जाहिरात दिसतेय ना? माणसं आहेत ना समोर?" तो म्हणायचा, "आहेत की, पाय ठेवायला जागा नाही." मग गोलाशेजारी 'फोन केला, चालू आहे' असं लिहायचं आणि आकडा येण्याची वाट बघायची. नवीन पोरं हसायची. "बाई, शून्य आधीच गोल असतं, त्याला आणखी काय गोल करायचं?" बाई म्हणायच्या, "तुझं डोकंही गोलच आहे, म्हणून काय टोपी घालायची नाही?" पण शून्याला गोल केल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून एकही कागद खाली गेला नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही.

असं चाललेलं असताना वरच्या मजल्यावर नवे साहेब आले. वय बाईंच्या निम्मं. प्रत्येक तिसऱ्या वाक्यात 'प्रगती' म्हणायचे, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांचं प्रगतीसाहेब झालं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, दुष्टाशी भांडता तरी येतं. हा प्रत्येकाला बसायला खुर्ची द्यायचा, पाणी विचारायचा आणि मग मान कापायचा.

"मॅडम," साहेब म्हणाले, "आता हे टूल माणसं वापरणार नाहीत. एआय एजंट वापरणार. आकडे तो काढेल, वाचेल, त्यावरून जाहिरात कुठे दाखवायची तेही तोच ठरवेल, आणि रिपोर्टही तोच पाठवेल. फक्त त्याला कुणीतरी नीट लिहून द्यायला हवं, टूलला काय विचारायचं, उत्तराचा अर्थ काय, मग काय करायचं. तुमच्याइतकं कुणाला येतंय?"

"कसं लिहायचं?" बाईंनी विचारलं. 

"असं समजा, वाचणाऱ्याला काहीही माहीत नाही, पण तो भयंकर आज्ञाधारक आहे. लिहिलंय ते करणार, नाही लिहिलं ते त्याच्यासाठी नाहीच."

"असा एकही माणूस मी आजवर पाहिला नाही," बाई म्हणाल्या. साहेब मनापासून हसले.

त्या संध्याकाळी घरी थोरल्या बहिणीला त्यांनी सगळं सांगितलं. दोघी बहिणी एकत्र राहत. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिथली हाताने फोन जोडायची बोर्डं बंद झाली तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी घरी बसली, ती बसलीच. दुपारी झोपायची, म्हणून रात्री झोप नाही. खिडकीशी खुर्ची, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण कधी आलं-गेलं याचा सगळा हिशोब तोंडपाठ. तिच्या त्या खुर्चीशेजारी आणखी एका खुर्चीची जागा होती, आणि बाईंना ती जागा रोज दिसायची. भीती होती ती या जागेची.

"लिहून दे की," अक्का म्हणाली. "पण सगळं देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळं ओतून रिकामी झालीस की तुला कोण पुसतंय? एक तरी गाठ आपल्या पदराला ठेव."

"अक्का, हे बरं दिसत नाही."

"मलाही बरं दिसायचं होतं. बसलेय बघ."

बाईंनी लिहायला घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना त्यांना सुख लागलं. बावीस वर्षं जे नुसतं तोंडाने सांगत आल्या होत्या ते कागदावर उतरत होतं. टूलला कुठला प्रश्न विचारला की काय मिळतं. तारीख कशी द्यायची. एकाच माणसाने तीनदा बघितलं तर तीन मोजायचे की एक. उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, पुन्हा किती वेळा विचारायचं, मग नाद सोडून कुणाला कळवायचं. 'साधारण', 'बहुधा', 'नेहमीसारखं' असे शब्द त्यांनी वेचून वेचून काढून टाकले, कारण एजंटला 'नेहमी' म्हणजे काय ठाऊक? प्रत्येक पानाखाली उदाहरण. असं सोपं, असं स्वच्छ लिहिलं की ती पानं वाचून एखादा दगडसुद्धा रिपोर्ट काढायला लागला असता. सहा आठवडे त्या जेवायचंही विसरत होत्या.

शेवटच्या दिवशी प्रगतीसाहेब शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक पान बघत गेले. एका ठिकाणी त्यांनीच सांगितलेला नियम होता: ज्या ठिकाणी बघणारे शून्य, तिथून जाहिरात काढावी आणि जिथे बघणारे आहेत तिथे न्यावी. बाईंनी तो जसाच्या तसा लिहिला होता.

"इथे आणखी काही?" साहेबांनी विचारलं. "शून्याचं काही खास?"

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. 'स्टँड, बाजार आणि दवाखाना इथलं शून्य दीड दिवस खरं मानू नये. फोन करून विचारावं.' दोन वाक्यं! बाईंच्या जिभेवर आलीही होती. मग डोळ्यांपुढे ती खिडकीजवळची जागा आली.

"नाही," त्या म्हणाल्या. "शून्य म्हणजे शून्य."

ताकाला तूर लागू दिली नाही. साहेब पुढच्या पानावर गेले.

बाईंच्या डोक्यातला हिशोब असा होता: कधीतरी कुणा बूटवाल्याची, नाहीतर गाद्यावाल्याची जाहिरात स्टँडवरून चुकून निघेल, तो बोंब मारत येईल, साहेब धावत खाली येतील, "मॅडम, हे काय झालं?" मग बाई चष्मा पुसतील, पेन्सिल काढतील आणि म्हणतील, "अहो, याला अनुभव लागतो." बूट चार दिवस कमी खपले तर कुणाचं काय मरतंय? असंच म्हणाल्या त्या अक्काला. याच शब्दांत.

एजंट कामाला लागला. बाईंना काढलं नाही. 'महिनाभर लक्ष ठेवा' म्हणाले. काम काय, तर पडद्यावर ओळी सरकताना बघायच्या. जाहिरातीचा क्रमांक, ठिकाण, बघणारे, एजंटने काय केलं. जाहिरात कसली आहे ते बघायचं तर ओळीवर बोट लावून उघडावी लागे.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक ओळ आली. स्टँड, शून्य. बाजार, शून्य. दवाखाना, शून्य. आणि पुढे एजंटची नोंद: तीनही ठिकाणांहून जाहिरात काढली, नदीपलीकडच्या नव्या वस्तीत नेली, तिथे बघणारे भरपूर आहेत. लिहिलं होतं तसं, अक्षरशः तसंच केलं होतं. त्याची काय चूक?

बाईंच्या छातीत धडधडलं. घाबरून नव्हे, लाज वाटते सांगायला, आनंदाने. आला एकदाचा तो दिवस! त्यांनी जिन्याकडे बघितलं. आता साहेब उतरतील. कोण उतरतंय? कुणी बोंब मारली नाही, कुणाला कळलंच नाही. एजंट पुढच्या ओळीवर गेलासुद्धा. बाईंनी ती ओळ उघडली नाही. बूट असतील, नाहीतर क्लासेस. समोर फोन होता, स्टँडच्या कंट्रोलरचा नंबर बोटांना पाठ होता. त्यांनी तो लावला नाही. लावला असता तर गाठ आपल्याच हाताने सोडल्यासारखं झालं असतं. संध्याकाळी घरी जाऊन म्हणाल्या, "अक्का, बघ आता दोन दिवसांत कसे येतात पाय धरायला."

कुणी आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. आणि मग एके दुपारी एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. खाली रिसेप्शनवर माणूस नाही, काळ्या काचेने त्यांना काहीतरी विचारलं असेल, त्यांना काही समजलं नसेल, म्हणून ते सरळ वर आले. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. दुकान अर्धं उघडं टाकून आल्यासारखे दिसत होते. पूर्ण मजल्यावर एकटी बाईमाणूस दिसली म्हणून तिच्याचकडे आले.

"मॅडम, दोन मिनिटं आहेत का? तक्रार नाही हो. एकच विचारायचंय."

"बसा काका."

ते टेलर होते, मंडईमागे दुकान. बायकोला दोन वर्षांपासून विसरायला होत होतं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग मुलांची नावं. पंधरा-वीस दिवसांमागे एका रविवारी ते एका गिऱ्हाइकाची पॅंट देत होते, तेवढ्यात ती दार उघडून गेली. पायात त्यांच्या चपला होत्या. पोलिसांत सांगितलं, सगळीकडे शोधलं, आणि सोमवारी सकाळी पुतण्याने इथे जाहिरात दिली. 'हरवल्या आहेत' म्हणून. फोटो, खाली फोन नंबर. "स्टँडवर दाखवा म्हटलं होतं मुद्दाम. तिला गाडीने माहेरी जायचं असायचं सारखं. माहेर कसलं, पन्नास वर्षं झाली ते घर पडून."

"सापडल्या?" बाईंनी विचारलं. 

"गुरुवारी पहाटे. स्टँडच्या मागे पार्सलची शेड आहे, तिथे. हमालाला दिसली. थंडी होती ना त्या आठवड्यात." "डॉक्टर म्हणाले, फार वेळ झाला नसावा. बुधवारी रात्री केव्हातरी."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. एजंटने पाठवलेला रिपोर्ट, पुतण्याने छापून दिलेला. भाषा अगदी सभ्य, बाईंनीच शिकवलेली. स्टँड: पाहणारे शून्य. बाजार: पाहणारे शून्य. दवाखाना: पाहणारे शून्य.

"मॅडम, मी चाळीस वर्षं या गावाचे कपडे शिवतोय. अर्ध्या गावाची मापं माझ्या वहीत आहेत. स्टँडवर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते सोमवारची. एवढा मोठा तिचा फोटो." त्यांनी दोन्ही हात पसरले. "आणि एकानेही बघितलं नाही? शून्य? एकाने तरी मान वर करावी की नाही हो? मला रात्रंदिवस तेच येतं मनात. गेली ती गेली. पण कुणीच बघितलं नाही, हे मला गिळवत नाही."

बाईंना काय सोपं होतं? मान हलवायची आणि म्हणायचं, "हल्ली लोक असेच झालेत काका, कुणाला कुणाचं पडलेलं नाही." ते पटलं असतं. ते डोळे पुसून, गावाला दोष देत, जिना उतरून गेले असते. कुणी कधी विचारायला आलं नसतं. बाईंच्या ओठांवर ते वाक्य आलंही. पण समोरचा माणूस आपल्याच गिऱ्हाइकांचा तिरस्कार करत म्हातारपण काढणार होता, आणि तो बाईंच्या एका वाक्यापायी. त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी टूल उघडलं. सोमवारचा आकडा काढला. तो केव्हाच येऊन पडला होता, दीड दिवस उशिरा.

"काका, हे शून्य खोटं आहे. सोमवारी स्टँडवर सहा हजार दोनशे अठरा माणसांनी बघितलं. चारशेच्या वर माणसं थांबून वाचत होती."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. "सहा हजार?" चेहरा एकदम सुटला. "म्हणजे बघितलं. बघितलं म्हणायचं लोकांनी."

"बघितलं."

"मग बुधवारी?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथेही शून्यच आहे. हेही खोटं ना?"

"नाही काका. हे खरं आहे. मंगळवारी सकाळी अकराला जाहिरात काढली तिथून. नदीपलीकडे नेली. बुधवारी स्टँडवर तुमच्या बायकोचा फोटो नव्हता, बूट होते."

"कुणी काढली?"

"कॉम्प्युटरने. पण त्याला शिकवलं मी. आकडा कधीकधी उशिरा येतो, तोवर शून्य खरं धरायचं नाही, हे मला बावीस वर्षं माहीत होतं. त्याला सांगायचं ते मी मुद्दाम सांगितलं नाही. त्या दिवशी ती ओळ माझ्या डोळ्यांपुढून गेली, मला दिसलं की चुकतंय. मी इथेच बसून होते. फोन हा असा समोर होता."

टेलरकाका खुर्चीत मागे टेकले. ओरडले असते तर बाईंनी ऐकून घेतलं असतं, हात उगारला असता तर मारही खाल्ला असता. त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटांना गुंडाळली, पुन्हा सोडली.

"का हो, बाई?" त्यांनी विचारलं. मॅडम म्हणायचं ते विसरले होते. "का नाही सांगितलंत?"

"सगळं सांगितलं की मला काढून टाकतील, म्हणून."

त्यांनी मान हलवली. खरं म्हणजे समजल्यासारखी हलवली, आणि बाईंना तेच सोसवेना. कागद उचलून त्यांनी पूर्वीच्याच घडीवर नीट दुमडला, खिशात ठेवला आणि उठले. जिन्याच्या तोंडाशी जाऊन ते वळले.

"मग काढलं का तुम्हाला?"

"नाही काका," बाई म्हणाल्या. "लिहिलेलं साहेबांना फार आवडलं. आता दुसऱ्या टूलचंही मलाच लिहायचंय."